तिच्या न्याहारीची वेळ

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, पुढं भोसरीच्या कंपनीत हेल्पर. मोशीत आता शेतांच्या जागी बिल्डिंगा झाल्यात, पण आमच्या घरात एक रीत जुनीच राहिली. मी खाल्ल्याशिवाय बायको खात नाही. ही रीत मी लावलेली नाही, आणि मोडावी असंही मला कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी तिला साखरेची गोळी सुरू झाली. सकाळी गोळी घ्यायची आणि माझी वाट बघत बसायची. मी चौकात दोस्तांबरोबर चहा घेऊन, ऊन वर आल्यावर घरी यायचो. एक दिवस आलो तर ती गॅसजवळ भिंतीला टेकून बसलेली. दरदरून घाम, हात थरथरत होते. तोंडात साखर घातली आणि रिक्षानं दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या गोळीनं साखर उतरते, ती घेतली की लगेच खायचं. पुढच्या वेळी घरात कुणी नसलं तर?"

घरी आल्यावर मी बजावलं, "उद्यापासून माझ्याआधी खायचं."

"न्हाई."

"मी सांगतोय."

"सांगा की. सांगायला काय जातंय? घशाखाली घास मला उतरवायचाय."

संध्याकाळी सून हिंजवडीहून कामावरनं आली. म्हटलं, "तुझ्या सासूला समजाव."

ती चपला काढत म्हणाली, "बाबा, आई तुमच्याआधी खायच्या नाहीत. तुम्हीच लवकर बसा की."

"मला त्या वेळी भूक नसते."

"आईंना असते," म्हणाली आणि आत गेली.

मला राग आला. कंपनीत साहेबापुढंसुद्धा मी कधी मान खाली घातली नव्हती. पण रागात बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यातून जाईना. पोटात भूक असताना ती थांबत होती. मला तर भूक नसताना नुसतं ताटावर बसायचं होतं. दोघांत माझंच काम हलकं. माझं चुकलं, असं मी तेव्हा म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. हुकमानं ती खाणार नव्हती, एवढंच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोळी घेतली. मी चौकात गेलो नाही. दोन ताटं मांडली, पहिला घास खाल्ला आणि तिच्याकडं बघत बसलो.

"आज सूर्य कुठनं उगवला म्हणायचा?"

"खा मुकाट्यानं," मी म्हणालो, आणि तिची भाकरी संपेपर्यंत माझी चिवडत बसलो.