रिकाम्या रकान्यातलं शून्य

एम.एस्सी.ला गेले तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते. सोलापुरात आमचं भुसाराचं दुकान. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि दोन्ही भाषांत कौतुक माझंच. पोत्यावर बसल्या बसल्या मी तोंडी हिशेब करायचे, तर वडील समोरच्याला म्हणायचे, "कॅल्क्युलेटर ठेवलाच नाही बघा आम्ही, पोरगी आहे." हे ऐकून ऐकून डोक्यात हवा गेली होती. गणिताला जोडून डेटा सायन्स असा अभ्यासक्रम विद्यापीठात निघाला होता. तिथे पहिला नंबर आपलाच, हे मी प्रवेशाच्या रांगेतच ठरवून टाकलं.

ही मस्ती पहिल्या सत्रातच उतरली. सांगोल्याकडच्या एका वस्तीवरून आलेली मुलगी माझ्याच बाकावर बसायची. घरी मेंढरं आणि थोडं डाळिंब. इंग्रजीत प्रश्न विचारला की मान खाली घालायची. लॅपटॉपचं झाकण तिने आयुष्यात पहिल्यांदा आमच्या लॅबमध्ये उघडलं, तेसुद्धा चुकीच्या बाजूने, आणि मी इतकी मोठ्याने हसले की मागचे दोन बाक वळून बघायला लागले. पण खडू हातात आला की ती बाई वेगळीच. मी दोन पानं खरडून जिथे अडकले होते ती सिद्धता तिने चार ओळींत संपवली, हात ओढणीला पुसले आणि जागेवर येऊन माझी वही पुढे ओढली.

"दुसऱ्या वळीतच सुटत हुतं की," ती म्हणाली. "तू उगंच लांबचा वळसा घेतलास."

तिला वाटत होतं, ती मला मदत करते आहे. मला तिच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या.

तरी आम्ही मैत्रिणी होतो, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सोपं वाटेल. दुपारी आम्ही एकाच डब्यातून जेवायचो. परीक्षेच्या आधी ती मला सिद्धता समजावून द्यायची आणि त्या बदल्यात मी तिला कोड लिहायला शिकवायचे. शिकवताना तिला आपण मठ्ठ आहोत असं वाटेल, याची मी नीट काळजी घ्यायचे. एका चुकीच्या कंसासाठी तिला पाऊण तास शोधायला लावायचे आणि स्वतः खिडकीत बसून शेंगा खायचे. ती वैतागायची नाही. "सापडलं गं," म्हणून एवढ्या आनंदाने सांगायची की माझाच विरस व्हायचा.

सकाळी विभागाच्या दाराशी हजेरीचं मशीन होतं. सगळ्यांनी थंब द्यायचा, हिरवा दिवा लागला की आत. तिचा थंब लागायचा नाही. लहानपणापासून खुरपं धरून आणि डाळिंबाच्या काट्यांत हात घालून अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या. ती अंगठा पुसायची, फुंकर मारायची, पुन्हा टेकवायची, आणि मशीन आपलं लाल. मागे रांग तुंबायची. "मेंढीनं चाटून टाकला काय गं अंगठा?" असं मी एकदा म्हणाले आणि ते वर्गात चालू झालं. रोज कोणीतरी म्हणायचंच. शेवटी ऑफिसातल्या क्लार्कने तिच्यासाठी एक वही ठेवली. ती रोज त्या वहीत सही करायची आणि मी शेजारी उभी राहून वाट बघायचे. दोन वर्षांत तिने एक दिवस बुडवला असेल तर आठवत नाही.

शेवटची परीक्षा झाली की पुण्याच्या एका कंपनीत प्रशिक्षणाला जायला विभागातर्फे एकच जागा असायची. तिथून बहुतेकांना पुढे नोकरीच मिळायची. जागा गुणांवर ठरायची. गुणांत ती पहिली आणि मी दुसरी होते. म्हणजे जागा तिची, यात वादच नव्हता. मी वरवर तिचं अभिनंदन करून टाकलं होतं आणि रोज घरी जाऊन उशीत तोंड खुपसून तिला शिव्या देत होते.

पण आदल्या वर्षी पाठवलेला विद्यार्थी मध्येच सोडून आला होता आणि कंपनीने विभागप्रमुख सरांना चार शब्द सुनावले होते. सरांच्या ते जिव्हारी लागलं होतं. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. कोण अभ्यासक्रम अर्धवट सोडेल, हे आधी ओळखणारं मॉडेल तयार कर, म्हणाले. जुन्या बॅचेसची हजेरी, गुण, गावाचं अंतर, सगळं देतो. तोच तुझा प्रोजेक्ट धर. यंदा पुण्याला पाठवताना गुणांबरोबर तेही बघू.

जुन्या बॅचेसची आणि आमच्या वर्गाची, हजेरीच्या मशीनमधून निघालेली एक्सेलची फाईल मला मिळाली. कुठे कुठे रकाने रिकामे होते. मी एक ओळ लिहिली: जिथे काही नाही तिथे शून्य भर. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. माहीत नसणं निराळं आणि नसणं निराळं. पण घाईत सगळेच ती ओळ लिहितात. ती लिहिताना माझ्या मनात काही नव्हतं, अगदी देवाशपथ.

मॉडेल चाललं. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या हजेरी क्रमांकापुढे शून्य ते एक यांमधला आकडा आला. बहुतेक सगळे खालीच होते, आणि एक आकडा एकाला जवळजवळ टेकला होता. तो क्रमांक कोणाचा हे मला यादी न बघताच कळलं, कारण हजेरीत तो माझ्या पुढचाच. मशीनच्या लेखी ती दोन वर्षांत एकदाही वर्गात आली नव्हती.

मला चूक दिसली नाही असं नाही. लख्ख दिसली. ऑफिसात जायचं, क्लार्ककडून वही घ्यायची आणि आकडे भरायचे, एवढंच काम होतं. मी उठलेही. मग परत बसले. मला असा काही आनंद झाला होता की मी तो आकडा पुन्हा पुन्हा बघत होते. त्या आनंदाची मला आजही किळस येते, पण तेव्हा तो आनंदच होता. दुपारचा चहा व्हायच्या आत मी फाईल सरांना पाठवून दिली.

सरांनी रंगीत आलेख पाहिले आणि खूश झाले. मग एका ठिकाणी बोट ठेवून थांबले. "ही तर पहिली येते."

"हुशार असणं वेगळं आणि टिकणं वेगळं, सर," मी म्हणाले. "मागच्या वेळचाही हुशारच होता ना?"

सरांनी मान हलवली. पुण्याच्या यादीत माझं नाव लागलं.

दुसऱ्या दिवशी ती मला व्हरांड्यात भेटली. भांडेल असं वाटलं होतं. ती भांडायला आलीच नव्हती. "माझं कुटं चुकलं तेवडं सांग," म्हणाली. "मी सुदारीन. ती शीट दाव की मला."

शीट माझ्या पाठीवरच्या बॅगेत, लॅपटॉपमध्ये होती. दाखवली असती तर तिला पहिल्या मिनिटात कळलं असतं. तिला असल्या गोष्टी लगेच दिसायच्या.

"सरांकडे आहे. पासवर्ड टाकलाय त्यांनी," मी म्हणाले. "आणि एका गोष्टीने होत नसतं गं ते. पुष्कळ गोष्टी मिळून आकडा येतो. तुला नाही कळायचं."

तिने ते खरं मानलं. कोडच्या बाबतीत ती माझं सगळं खरं मानायची.

इथवर थांबलं असतं तर तिची फक्त जागा गेली असती. पण सर माणूस चांगला. मुलगी शिक्षण सोडणार असेल तर घरच्यांना आधी सावध करावं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी विभागाच्या लेटरहेडवर पत्र धाडलं. आपली पाल्य अभ्यासक्रम अर्धवट सोडण्याची दाट शक्यता असल्याचे निदर्शनास आले आहे, वगैरे. खाली सही आणि गोल शिक्का.

आठवड्याभरात तिचे वडील आले. सर मीटिंगला गेले होते आणि मी त्यांच्या केबिनमध्ये पुण्याची कागदपत्रं लावत बसले होते. वडिलांनी वहाणा दाराबाहेर काढल्या. मागे ती होती.

"सायेब न्हाईत व्हय?"

"मीटिंगमध्ये आहेत, मामा. बसा."

ते बसले नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी पत्र काढलं. घडीवर घडी घालून ते अगदी मऊ झालं होतं. "ह्ये तुमच्यातनंच आलंय न्हवं? डेरीवर वाचून घेतलं मी. चार मान्सं हुती. पोरगी शाळा सोडनार हाय म्हनं."

"आबा, मी कुटं सोडतीया? किती येळा सांगू?" ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तू तरी सांग की त्यास्नी. तूच काढलंयस न्हवं ह्ये? चुकलंया म्हन."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "सांग पोरी. खरं हाय का ह्ये?"

क्लार्कचं टेबल भिंतीपलीकडे होतं. सह्यांची वही त्याच्यावरच पडलेली असायची. मला फक्त 'थांबा' म्हणायचं होतं. पण 'थांबा' म्हटलं की पुणं गेलं, आणि मी मुद्दाम गप्प बसले हेही बाहेर आलं असतं. माझ्या हातात जाण्याच्या तारखेचा कागद होता.

"मी नाही सांगत, मामा," मी म्हणाले. "कॉम्प्युटरने काढलंय. त्याला कुणाची बाजू घ्यायची नसते."

त्यांना ते एकदम पटलं. "मंग झालं तर," ते म्हणाले. "मानूस लबाड बोलंल, मशीन कशापायी बोलंल?" पत्राची पुन्हा नीट घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि मुलीला म्हणाले, "चल. नंतर सोडनारच हायेस, तर आत्ताच सोड. उगं हितं खोली अडवून बसू नगंस."

ती रडली नाही. माझ्याकडे बघून काहीतरी बोलेल म्हणून मी मान खाली घालून कागद लावत राहिले. मान वर केली तेव्हा दोघं जिन्याकडे निघाले होते. परीक्षेला सहा आठवडे राहिले होते.

मी पुण्याला गेले. मला नोकरीही मिळाली. वर्षभराने सरांनी मला नव्या बॅचसमोर बोलायला बोलावलं. मागच्या बॅचचा तक्ता त्यांनी स्वतः पडद्यावर लावला. एका बाजूला मॉडेलने कोण जाईल म्हणून सांगितलं ते, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्षात कोण गेलं ते.

"हिच्या मॉडेलने अख्ख्या वर्गात एकच मुलगी सोडून जाईल असं सांगितलं होतं," सर म्हणाले. त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता. "आणि मुलांनो, तीच गेली. दुसरं कोणी नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅम, इतकं बरोबर कसं आलं?"

"डेटा स्वच्छ करायला वेळ द्यायचा," मी म्हणाले आणि पुढची स्लाइड लावली.