चाव, गिळू नको

धारगळच्या दवाखान्यातले कंपाउंडरकाका जंताच्या गोळ्यांबाबत कुणावरही विश्वास ठेवत नसत. भटजी असो की सरपंच, समोर स्टुलावर बसवायचे, गोळ्या चावायला लावायचे आणि मग म्हणायचे, "आता आ कर." बॅटरी मारून दाढांच्या मागेही बघायचे. लोक हसायचे. काका हसत नसत.

"चाव, झिला, गिळू नको. गिळलंस तर किडो आत हसता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोळीची पूड लागली की आतड्यातल्या चपट्या जंताची पकड सुटते, तुकडे होऊन तो पडून जातो. पण डोकं राहिलं तर पुन्हा वाढतो, असं ते प्रत्येकाला सांगत. म्हणून तीन महिन्यांनी काडेपेटीतून नमुना आणायचा. रिकाम्या काडेपेट्या तेच जमवून ठेवत.

मी तेव्हा डिचोलीला खाणीच्या ट्रकवर होतो. सोबतच्यांबरोबर अर्धकच्चं डुकराचं मांस खाल्लं होतं. मग शौचाला भोपळ्याच्या बियांसारखे पांढरे तुकडे दिसू लागले. आई गावच्या देवळाचा नैवेद्य रांधायची. घरात अंडंसुद्धा येत नसे. मी चोरासारखा काकांकडे गेलो.

ते भाषेच्या आंदोलनाचे दिवस. रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, दवाखाना लवकर बंद करायचा होता. काकांनी आयुष्यात एकदाच चार गोळ्या पुडीत बांधून घरी दिल्या. सकाळी उपाशीपोटी चावायच्या होत्या. आई चुलीपाशी होती. काय चावतोस म्हणून विचारील, या लाजेनं मी त्या पाण्याबरोबर गिळल्या. पुढे काकांनी काडेपेटी मागितली. आणतो म्हटलं. नेली नाही.

काही वर्षांनी आईला झटके येऊ लागले. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, डुकराच्या जंताची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी झाल्यात. देवाचं रांधणारी बाई डुकराचं खाते, अशी गावात कुजबुज झाली. आईनं नैवेद्य रांधायचं सोडलं. "माजो सोमवार कदी चुकाक नाय," एवढंच ती म्हणत राहिली.

काका घरी आले. म्हणाले, "वयनी, तुमी कायएक खावक नाय. जेच्या पोटात किडो, तेच्या हातातून ह्यां दुसऱ्याच्या जेवणात येता." आईनं कुणाच्या ते विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी मला दवाखान्यात बोलावून स्टुलावर बसवलं, चार गोळ्या दिल्या. मी चावल्या. आ केला. बॅटरी विझवून ते म्हणाले, "माजीच चूक. त्या दिसा हयंच बसवूक होयो होतो. पण तिका सांग. ती देवाक तोंड दाखवूक भिता."

रोज सांगायचं ठरवलं. वर्ष गेलं. विहिरीवर पाणी ओढताना तिला झटका आला.

बाराव्याला काका आले, माझ्याशेजारी बसले. पानाला हात न लावता त्यांनी हळूच विचारलं, "सांगितलंस?"

मी हो म्हणालो.

या वेळी त्यांनी तोंड उघडायला सांगितलं नाही.