सांध्यातली वाळू

तिला घरात छोटी म्हणत. वय पंचेचाळिशीला टेकलं, कानांमागचे केस पांढरे झाले, कारखान्यातल्या झाडून सगळ्या शिलाई मशिनींची दुखणी तिला तोंडपाठ झाली, तरी घरात ती छोटीच. तिच्या रागाची सुरुवात इथूनच होत असे म्हटलं तरी चालेल.

छोटी कपड्यांच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला होती. मशीन अडली की शिवणाऱ्या बाया आधी आपसात विचारत, "आज कशी आहे?" आणि मग तिला बोलवायला एखादी गरीब गाय पाठवत. छोटी यायची, मशिनीचं झाकण काढायची, आत डोकावायची आणि कोणाकडेही न बघता म्हणायची, "जोर कोणी लावला हिला?" ‘जोर’ हा तिच्या मते जगातल्या निम्म्या बिघाडांचा बाप होता. उरलेल्या निम्म्यांना ती ‘शहाणपणा’ म्हणे. कोणी जास्त बोललं तर, "हात चालवायचेत ना, मग खडी फोडायला जा," असं सांगून ती दुसऱ्या मशिनीकडे वळायची. तिनं लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायला कोणी धजलं नव्हतं.

कारखान्यात ती पहिल्यापासून सायकलनं जायची. लोखंडी, जडशीळ सायकल. पण चढ आला की इतर लोक उतरतात आणि ही दात-ओठ खाऊन सायकल तशीच चढवते, हे थोरल्या भावाच्या लक्षात आलं आणि त्यानं तिला आपल्या सायकल क्लबात नेलं. तेवढं श्रेय दादाला द्यायलाच हवं. दादाची सायकल भारीतली होती, दोन्ही बाजूंना मोठ्या कंपनीचं नाव. क्लब दर रविवारी गावाबाहेरच्या टेकडीवर जायचा. दादा वर आधी पोचायचा, दगडावर बसून केळं खायचा, आणि ही धापा टाकत आली की म्हणायचा, "आलीस का गं, छोटी?"

वाईट बोलायचा नाही. प्रेमानंच विचारायचा. पण ते ‘आलीस का गं’ ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पाय कमी पडत नव्हते तिचे. लोखंड जास्त होतं.

म्हणून तिनं फ्रेम मागवली. कार्बनची, काळी, बिननावाची. दुसऱ्यांसाठी फ्रेमा बनवणारे कारखाने असतात, त्यांतल्याच एकाची. वर नाव चिकटवलेलं नव्हतं म्हणूनच ती छोटीच्या आवाक्यात आली. खोकं उघडलं त्या दिवशी दादा घरी आला होता. त्यानं फ्रेम एका बोटावर उचलली आणि दुसऱ्या हाताच्या टिचकीनं वाजवून पाहिली.

"पोकळ वाटते."

"वाजवू नकोस."

"नाव कुठाय हिच्यावर?"

"तुझ्या पाठीवर कुठाय?"

दादानं फ्रेम खाली ठेवली. "बघ हं छोटी. उतारावर अशा फ्रेमा फुटतात. मी चांगल्यासाठी सांगतो."

सगळे चांगल्यासाठीच सांगत होते. बेअरिंगच्या दुकानदारानं विचारलं, "मुलासाठी बांधताय का सायकल?" ती म्हणाली, "माझ्यासाठी." तो म्हणाला, "ते झालंच, पण चालवणार कोण?" छोटी तशीच दुकानाबाहेर पडली. बेअरिंगची पिशवी आतच राहिली. ती आणायला पुन्हा त्याच्याच तोंडासमोर जावं लागलं, म्हणून ती आणखी चिडली.

सायकल बांधली ती घरातल्या पुढच्या खोलीत, दोन पालथ्या स्टुलांवर. गिअरची केबल फ्रेमच्या पोटातून जाते. एका भोकातून घालायची आणि भलतीकडच्या भोकातून काढायची, आत सगळा अंधार. क्लबातले लोक या कामाला दुकान गाठतात. छोटीनं शेजारणीचा धूळ ओढायचा पंप मागून आणला, एका भोकाशी शिलाईचा दोरा धरला, दुसऱ्या भोकाला पंपाचं तोंड लावलं. दोरा सुर्रकन बाहेर आला. दोऱ्याला केबल बांधली आणि ओढून घेतली. प्रत्येक भाग ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची. सीटची दांडी उगाच लांब होती, तर फ्रेमच्या आत जेवढी पकड लागते तेवढी सोडून उरलेला तुकडा तिनं ओलं फडकं गुंडाळून बारीक पात्याच्या करवतीनं कापला. तेवढा तोलून पाहिला आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

हे सगळं आप्पा खुर्चीत बसून बघत असत. आप्पा म्हणजे तिचे वडील. जन्मभर सूतगिरणीत तेलवाला होते. लांब चोचीची तेलाची झारी घेऊन चात्यांच्या रांगांमधून फिरायचं, कान देऊन ऐकायचं आणि जिथं कुरकुर तिथं थेंब सोडायचा. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक मोठं बेअरिंग जळालं. ते दुसऱ्याच्या पाळीत जळालं होतं, पण सगळ्यांसमोर ठपका आला तो आप्पांवर. आप्पा तेव्हा काही बोलले नाहीत. मात्र तेव्हापासून घरात जे हलतं त्याला तेल, जे जुळतं त्याला ग्रीस. दाराच्या बिजागऱ्या, कात्री, छत्रीची काडी. एकदा त्यांनी कुलपात इतकं तेल सोडलं की किल्ली हातातून निसटून गटारात गेली.

"यात काय घालतेस?" सीटची दांडी बसवताना त्यांनी विचारलं होतं.

"पेस्ट आहे. कार्बनला लागते."

आप्पांनी चिमटीत घेऊन चोळून पाहिली. पेस्ट रवाळ होती. त्या बारीक कणांमुळे दांडी फ्रेमला धरून राहते आणि स्क्रू फार आवळावा लागत नाही. कार्बन आवळला की तडकतो.

"वाळू आहे यात," आप्पा म्हणाले.

"असू दे."

"सांध्यात वाळू?"

"आप्पा, असू दे म्हटलं ना."

एवढंच बोलणं झालं. नीट समजावून सांगायला हवं होतं. पण समजावणं हे छोटीचं काम नव्हतं.

इकडे दादानं क्लबात विषय काढला. बिननावाची फ्रेम घोळक्यात चालवताना फुटली तर मागचे चार लोक आडवे होतील, असं त्याचं म्हणणं. म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणून ते जास्त झोंबलं. क्लबच्या अध्यक्षा एक पिकल्या केसांच्या बाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांनी ठरवलं की छोटीनं रविवारी सगळ्यांसमोर ती सायकल टेकडीवर चढवून दाखवावी. वर गेल्यावर तपासू. काही हललं, सरकलं, तडकलं असेल तर ती सायकल क्लबात चालणार नाही. नसेल तर पुन्हा कोणी नावाचं विचारायचं नाही.

"पटतंय का?" मावशींनी विचारलं.

"पटायला काय झालंय," छोटी म्हणाली आणि पटलं नसल्यासारखी निघून गेली.

शनिवारी तिची पाळी होती. सायकल पूर्ण झालेली, भिंतीशी उभी. छोटी कामावर गेली आणि आप्पा खुर्चीतून उठले.

रविवारी आप्पा क्लबच्या गाडीतून, पाण्याच्या बाटल्या आणि केळ्यांच्या शेजारी बसून टेकडीवर गेले. छोटीनं खालून सुरुवात केली. सायकल अशी निघाली की तिला स्वतःलाच विश्वास बसेना. पेडल दाबलं की सगळाच्या सगळा जोर पुढे जात होता, वाटेत कुठं मुरत नव्हता. पहिल्या वळणाला तिनं तिघांना मागं टाकलं. दादा पुढं दिसत होता, त्याची पाठ जवळ येत होती.

दुसऱ्या वळणाआधी रस्ता उखडलेला होता. तिथं दोन हिसके बसले आणि गुडघे वर येऊ लागले. आधी तिला वाटलं, दमले. मग कळलं, सीट खाली जातेय. थोडी, मग आणखी थोडी. लहान मुलाच्या सायकलवर बसल्यासारखे तिचे गुडघे हनुवटीकडे यायला लागले. ती पेडलवर उभी राहिली. उरलेला सगळा चढ ती उभ्यानं चढली. मांड्या पेटल्या होत्या. मनातल्या मनात ती फ्रेम बनवणाऱ्याला, दादाला, बेअरिंगवाल्याला आणि सुपरवायझरला एकेक करून शिव्या घालत होती. सुपरवायझरचा यात काही संबंध नव्हता, पण चढ लांब होता.

वर पोचली तेव्हा दादा दगडावर बसला होता. ‘आलीस का गं’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्याची नजर सीटवर गेली. चांगली चार बोटं सीट खाली बसली होती.

"मावशी, इकडे या," तो म्हणाला. "हे बघा. दांडी धरतच नाहीये. फ्रेमचं भोक मोठं आहे. मी म्हटलं होतं." मग छोटीकडे वळून हलकेच, "जाऊ दे गं. माझी जुनी ने तू."

छोटीनं खिशातून लहान पाना काढला, स्क्रू सैल केला आणि दांडी बाहेर ओढली. दांडी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. काळ्या कार्बनवर पिवळट तकाकी होती. वास घ्यायची गरज नव्हती, पण तिनं घेतला. गिरणीचं ग्रीस. हा वास तिच्या लहानपणी बापाच्या कपड्यांना यायचा.

तिनं मान वर केली. आप्पा गाडीजवळ, काठीला टेकून उभे होते.

त्या क्षणी तिला आला तेवढा राग आयुष्यात कधी आला नसेल. एक वाक्य बोललं की फ्रेम सुटत होती. पण ते वाक्य या सगळ्या लोकांसमोर आप्पांच्या डोक्यावर पडणार होतं, आणि सांधा बिघडवल्याचा ठपका त्यांच्यावर सगळ्यांदेखत पुन्हा बसणार होता. न बोलावं तर सायकल गेली. तिनं दात आवळले.

"फ्रेमचा दोष नाही," ती म्हणाली. "आत ग्रीस लागलंय. मी लावलं. माझी चूक."

"तू?" दादा म्हणाला. "तू कधी चुकीचं ग्रीस लावशील?"

"लावलं म्हटलं ना."

"तिनं नाही लावलं," आप्पा काठी टेकत पुढं आले. "मी लावलं. हिनं आत वाळू भरून ठेवली होती. मी काल दांडी काढली, सगळी वाळू पुसली, पातळसा हात दिला आणि खुणेवर परत बसवली. स्क्रूसुद्धा बेतानंच आवळलाय." मग सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "इतकी वर्षं मशिनीवर काम करते, आणि सांध्यात वाळू घालते. बापाला काय वाटेल?"

एक-दोघं हसले. मावशींनी रुमाल तोंडाला लावला. छोटीचे कान लाल झाले. तिनं आपलं नाव त्यांच्यासाठी मातीत घातलं होतं आणि ते वर तिलाच अडाणी ठरवत होते.

"आप्पा," ती म्हणाली. आवाज इतका खाली होता की दादा एक पाऊल मागं सरला. "ती वाळू मुद्दाम असते. तिच्यावरच ती दांडी उभी असते. या सांध्यानं हलायचं नसतं. हलू नये म्हणूनच असतो तो."

जन्मभर आप्पांनी हलणारे सांधे सांभाळले होते. न हलण्यासाठी केलेला सांधा त्यांच्या हिशेबात कुठं बसत नव्हता. ते दांडीकडे बघत राहिले.

"मग धरलं नाही ते यामुळं?"

"यामुळं."

"माझ्यामुळं."

छोटीनं गाडीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट आणि कापूस आणला आणि त्यांच्या हातात दिला. "पुसा."

आप्पा गाडीच्या पायरीवर बसले आणि पुसायला लागले. आधी दांडी, मग बोटाला कापूस गुंडाळून फ्रेमचं आतलं भोक. कापूस पांढरा निघाला तरी थांबले नाहीत. आणखी एक बोळा फिरवला, तो उजेडात धरून पाहिला. दादानं केळं सोललं आणि न खाता हातात धरून ठेवलं.

मग छोटीनं पिशवीतली डबी उघडली, बोटानं ती रवाळ पेस्ट दांडीला फासली. आप्पांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. बघवेना त्यांना. तिनं दांडी खुणेवर बसवली, मोजून आवळणारा पाना लावला, तो ‘कट’ वाजला तिथं थांबली.

"मावशी, खाली जाऊन पुन्हा येते."

"आज नको," दादा म्हणाला. "पाय बघ कसे थरथरतायत. पुढच्या रविवारी कर."

"तुझं केळं खा."

ती गेली. उतारावर फ्रेम फुटली नाही. चढताना ती फार हळू आली, दादापेक्षा कितीतरी हळू, पण बसून आली. वर आल्यावर मावशींनी सीट दोन्ही हातांनी दाबली, मग दादाला दाबायला लावली. दादानं सगळा भार टाकला. सीट आपल्या जागी होती.

"धरलंय," दादा म्हणाला. "चांगलंच धरलंय." मग थोड्या वेळानं, "माझ्या सायकलची दांडीही कधी कधी कुरकुरते. बघशील का?"

"बघेन," छोटी म्हणाली. "कारखान्यात घेऊन ये. घरी नको आणूस."

घरी आल्यावर तिनं तेलाची झारी आणि ग्रीसचा डबा उचलून कपाटात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. आप्पा बघत होते. आठवडाभर पुढचं दार कुरकुरत राहिलं. दर कुरकुरीला आप्पा डोळे मिटून घ्यायचे. छोटीलाही तो आवाज सहन होत नव्हता, म्हणून ती दार आणखी जोरानं लावायची.

शनिवारी ती कामावर निघाली तेव्हा आप्पा काठी घेऊन दारात आले. काठीच्या टोकाचं रबर हातात होतं.

"हे सारखं निसटतं," ते म्हणाले. "तुझ्या त्या वाळूतली बोटभर देशील का?"

छोटीनं त्यांच्याकडे पाहिलं. रबराच्या आत पिवळं ग्रीस चमकत होतं. हेही लावून ठेवलं होतं तर. तिनं पिशवीतून डबी काढली आणि स्टुलावर आपटली.

"आधी ते पुसा," ती म्हणाली, आणि दार ओढून गेली.