मुरलीच्या नावेतले लोखंडी बोल्ट

हिरामणचा फोन आला तेव्हा मी मोहाडीच्या तहसील कार्यालयात, नातीच्या शाळेसाठी लागणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभा होतो. "मास्तर, मुरलीभाऊ सकाळी खतम झाले," तो म्हणाला. "छातीत दुखते म्हणत होते, दवाखान्यात नेता नेताच..." मी "हो, हो" म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. आणि रांगेत तसाच उभा राहिलो. माझ्या पुढे चार माणसं होती. ती संपली, खिडकीशी गेलो, एक झेरॉक्स कमी पडली म्हणून बाबूशी चांगला भांडलोसुद्धा. घरी येऊन हातपाय धुतले, पाणी प्यायलो आणि मग बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अवो, मंग तुम्ही तिथूनच काहून नाही गेले?" त्याला आज सात आठवडे झाले.

मुरली माझा पहिलीपासूनचा दोस्त. आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, शाळा गेली, त्याची तळ्याखालची धानाची बांधी गेली. मी मास्तर असल्यामुळे माझं काही अडलं नाही, पवनीला नोकरी होती. पुनर्वसनाच्या वसाहतीत मुरलीला घर मिळालं, पण दारात उभं राहून करायचं काय, हे त्याला कळेना. जन्म धानात गेलेला माणूस. एक दिवस त्याने कुठल्याशा तलावावरच्या पर्यटकांच्या बोटींतली मोडीत निघालेली एक अल्युमिनियमची नाव ट्रॅक्टरवर टाकून आणली. सगळी वसाहत बघायला जमली. पोहता येत नव्हतं बरं का त्याला! मी म्हटलं, "का बे, याचं काय करशील?" तर म्हणाला, "माह्या शेतावर जाईन. दुसरा रस्ताच नाही ठेवला यायनं."

नाव तळाशी गळत होती. अल्युमिनियमचे पत्रे एकमेकांवर ठेवून खिळ्यांसारख्या रिबिटांनी जोडलेले असतात, आणि त्या रिबिटा सैल झाल्या की पाणी आत येतं. मुरलीने काय करावं? सैल रिबिटा काढून टाकल्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे लोखंडी नट-बोल्ट दणकून पिळले. शेतकऱ्याची अक्कल तेवढीच धावणार, आमचीही धावली नाही. लोखंड म्हणजे मजबूत, एवढंच आम्हाला ठाऊक. दोन पावसाळ्यांत प्रत्येक बोल्टभोवती चुन्यासारखी पांढरी भुकटी जमली आणि छिद्रं एवढी झाली की माझी करंगळी आरपार जाई. भर पाण्यात नाव गुडघाभर भरली, तेव्हा हिरामणने आपला डोंगा घालून त्याला वाचवलं. हिरामण पिढीजात मासेमारी करणारा. त्याने त्या दिवशी मुरलीला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे छापता येणार नाहीत.

दुसरा असता तर नाव भंगारात घालून मोकळा झाला असता. मुरली नागपूरला गेला आणि बसची बॉडी बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या पायाशी आठ दिवस बसून आला. परत आला तो वेगळाच माणूस होऊन. अल्युमिनियमला अल्युमिनियमच लागते, ओल्यात लोखंड त्याला खाऊन टाकते. जुनं छिद्र फाकलं असेल तर एक नंबर जाड रिबीट घ्यायची. पत्र्याबाहेर तिची शेपटी तिच्या जाडीच्या दीडपट निघाली पाहिजे, कमी नाही, जास्त नाही. हे सगळं तो मला असं सांगे, जसा मी वर्गात पाढे सांगत आलो. आणि लोखंडी बोल्टाचं नाव काढलं की थुंकायचा. खरोखर थुंकायचा!

पण रिबीट मारणं हे एका माणसाचं काम नाही. एकाने नावेत बसून शेपटी हातोडीने ठोकायची आणि दुसऱ्याने नावेखाली पडून, रिबिटेच्या डोक्याला खालून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. तो धरणारा मी. दर उन्हाळ्यात दोन ओंडक्यांवर नाव चढायची आणि मी तिच्याखाली पाठीवर पडायचो. आधी नावेत पाणी भरायचं. जिथून थेंब पडेल तिथे मी शाळेतून आणलेल्या खडूने फुली मारायची. थेंब नेमका डोळ्यात पडायचा आणि वरून मुरली विचारायचा, "कोन्ती रडून राहिली, मास्तर?" गळणाऱ्या रिबिटेला तो रडकी म्हणे. मग ठोकाठोक. ठोकळा जरा हलला की रिबीट तिरपी बसे आणि वरून आरोळी येई, "झोपला का बे?" मी खालून त्याला उलट बोलायचो. आमचं निम्मं बोलणं असं पत्र्याच्या आरपारच झालं. आसपासच्या लोकांच्या नावाही येऊ लागल्या, मुरलीच्या हाताला नाव आलं. माझ्या हाताला कोणी काही म्हटलं नाही, आणि खरं सांगतो, ते मला थोडं लागायचं.

निवृत्त होऊन मी मोहाडीला आलो. मुरलीकडे जायचं म्हणजे तिथून भंडारा, भंडाऱ्याहून पवनी, मग ऑटो. पाठ धरायची, कानात दोन दोन दिवस ठणठण चालायची. गेल्या वर्षी नागपूरला मुलीकडे गेलो होतो, तर हार्डवेअरच्या दुकानात पॉप रिबिटची गन दिसली. पिस्तुलासारखी दाबली की एकट्याने, एकाच बाजूने रिबीट बसते. खाली कोणी धरायला नको. मला फार आनंद झाला. गन घेतली, पाण्यासाठी चालतात त्या बंद तोंडाच्या रिबिटाही घेतल्या आणि थेट मुरलीच्या अंगणात नेऊन ठेवल्या. त्याने डबा उघडला, गन हातात घेतली, दोनदा दाबून पाहिली, परत ठेवली. मला वाटलं, खूश होईल. तो म्हणाला, "मंजे आता तू नाही येत."

"तसं नाही रे... तुला सोपं जावं म्हणून आणली."

"मले सोपं जावं म्हणून? का तुले?"

आता हे काय बोलणं झालं? मी चिडलो. म्हटलं, साठी उलटली, मातीत लोळायची काय हौस आहे मला? मिस्त्री कोण, तू की मी? त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "जाय मंग. बस चुकन तुही." मुरलीची बायको, पार्बतावहिनी, आतून चहा घेऊन आल्या तोवर मी फाटकाबाहेर होतो. चहा राहिलाच. त्यानंतर मी गेलो नाही. दिवाळी गेली, होळी गेली. फोन त्याने केला नाही, मीही केला नाही. रोज वाटे, आज करतो. पण मनात होतं की आधी त्याने करावा. गन कशाला आणली होती मी? त्याच्यासाठी की माझ्यासाठी? तेव्हा ठामपणे सांगितलं असतं, त्याच्यासाठी. आज माझं मलाच सांगता येत नाही.

तेरवीला गेलो. अंगणात नाव ओंडक्यांवर चढवलेली होती. पंगत उठल्यावर हिरामण मला हाताला धरून तिच्याजवळ घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, हे पाहा. शेवटी शेवटी मुरलीभाऊचं डोकं चालत नव्हतं. लोकं बी तेच म्हणून राहिले." मी वाकून पाहिलं. तळाच्या सांध्यावरच्या जुन्या रिबिटा काढून टाकलेल्या होत्या आणि त्या जागी ओळीने लोखंडी नट-बोल्ट. तेच ते, ट्रॉलीचे! ज्याच्या नावाने हा माणूस थुंकत होता, ते त्याने स्वतःच्या नावेला लावले? अल्युमिनियमच्या रिबिटा घरात, माझी गन घरात, आणि हे लोखंड? खरंच डोकं फिरलं होतं त्याचं? की माझ्यावरच्या रागाने लावले... घे, तू नाहीस ना, मग होऊ दे सत्यानाश, असं? वहिनींना विचारायची हिंमत झाली नाही. तेरवीच्या दिवशी असं विचारतात का? गेलो तसा परत आलो.

महिनाभर मी या बोल्टांशी भांडत होतो. जेवताना, पेपर वाचताना, नातीचा अभ्यास घेताना. वसाहतीत मुरलीचं नाव वेडा म्हणून निघत होतं आणि ते वेड नसेल तर तो राग होता, माझ्यावरचा. दोन्हींतलं कोणतं खरं निघावं असं मला वाटत होतं, तेही धड कळत नव्हतं. बायको म्हणाली, "जाऊन विचारून या एकदा, नाहीतर तुमचंच डोकं फिरन." मागच्या रविवारी गेलो.

पार्बतावहिनी अंगणात बसून मिरच्या निवडत होत्या. मी पहिल्यांदाच नावेच्या आत चढलो. इतकी वर्षं खालून पाहिलेली ती नाव आतून मला ओळखूही येईना. एका नटाला पाना लावायचा म्हणून आधी बोटाने चाचपून पाहिला, तर तो फिरला. दोन बोटांनी. दुसराही तसाच, तिसराही. एकही पिळलेला नव्हता, नुसते टेकवलेले. नटाखाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून घातल्या होत्या, लोखंड पत्र्याला लागू नये म्हणून. एक बोल्ट उपसला. छिद्र एक नंबर मोठं केलेलं, कडा घासून गुळगुळीत, भुकटीचा कण नाही. रिबीट घातली की बसेल, असं तयार. तेवढ्यापुरते, पत्रे जागचे हलू नयेत म्हणून घातलेले बोल्ट होते ते...

"वहिनी, हे असं काहून ठेवलं त्याने?"

"आता मले काय समजते त्यातलं, भाऊजी?" त्या मिरच्या निवडतच म्हणाल्या. "हिरामण धरतो म्हणे, जवाई धरतो म्हणे. कोणाले धरू नाही दिलं. ती तुमची बंदूक हिरामणले देऊन टाकली, त्यानं कूलरच्या पत्र्याले लावली. मी म्हटलं, एवढी नाव कायले अडकवून ठेवली? तर म्हणत, मास्तर आला का एका दिवसाचं काम हाय."

"मग मला फोन नाही करायचा?"

"म्या तं रोज म्हटलं. म्हणत, त्याले समजन."

कसं समजणार होतं रे मला? मोहाडीत बसून? मला राग आला, खरोखर राग आला, आणि त्या नावेत बसून मी हमसून हमसून रडलो. वहिनींनी सूप बाजूला ठेवलं. आत जाऊन डबा आणला. त्यात नव्या रिबिटा होत्या, लांबीप्रमाणे कापून ठेवलेल्या, हातोडी होती, आणि माझा ठोकळा होता.

"आता तुम्हीच करून टाका, भाऊजी. हिरामण मागून राहिला नाव, पाण्यात तरी राहीन."

मी डबा मांडीवर घेतला. एक रिबीट छिद्रात घालून पाहिली, अगदी बरोबर बसली. हातोडी उचलली आणि परत ठेवली.

"मला ठोकता येत नाही, वहिनी," मी म्हटलं. "मला फक्त धरता येतं."