खाट क्रमांक: खुर्ची

आमच्या सोसायटीतले नाना निवृत्त हेडक्लार्क. रकाना मोकळा सोडणं त्यांच्या रक्तात नाही. म्हणून विम्याच्या फॉर्मवर 'खाट क्रमांक' या शब्दांपुढे त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं: खुर्ची.

खिडकीतल्या मुलीनं त्यावर लाल रेघ ओढली. "काका, समुपदेशनाची फी मिळत नाही. ॲडमिट झालात तरच क्लेम बसतो."

"बायको गेल्यावर माझं बोलणंच बंद झालं होतं," नाना म्हणाले. "समुपदेशकासमोरच्या त्या खुर्चीत बसून बोलायला लागलो."

शेजारी उभ्या माझ्या मस्तकात तिडीक गेली. माझ्या मोडलेल्या हाताचे पैसे याच खिडकीनं निमूट दिले होते, कारण मी खाटेवर होतो. आडवा झाला तरच माणूस आजारी, हा कुठला न्याय? पेन्शनमधून दर आठवड्याची फी भरून हा माणूस स्वतःला उभं ठेवतोय, आणि तोच त्याचा गुन्हा?

नानांनी शांतपणे चष्मा पुसला. "मग तिथे आडवा पडून बोललो तर चालेल?"

मुलीनं खरोखरच नियमांचं पुस्तक उघडलं. "पण चोवीस तास पडून राहावं लागेल, काका."