बाबांची दीक्षा

"माणूस भला आहे, पण खरा पाद्री नव्हे," पाहुणे साहेब आपल्या मडमेला इंग्रजीत म्हणाले. भोरच्या आमच्या प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर ते चहा पीत होते आणि त्या भल्या माणसाची मुलगी, म्हणजे मी, त्यांच्या कपात दूध ओतत होते. मी पुण्याच्या इंग्रजी शाळेतली, हे त्यांना ठाऊक होतं. दुभाषी म्हणून मलाच उभं राहायचं होतं. तरी आवाज खाली आणावा असं त्यांना वाटलं नाही.

बाबा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री. आमच्यात बिशप नसतात. इतर पाळकांनी मिळून डोक्यावर हात ठेवले, तीच बाबांची दीक्षा. साहेब बिशपवाल्या मंडळीचे; त्यांच्या मते हात बिशपचाच हवा, नाहीतर दीक्षा खोटी आणि तशा पाळकानं प्रभुभोजनात मोडलेली भाकर प्रभूचं शरीर नव्हे, नुसतीच भाकर. त्यांची आणि आमची मंडळी एक करायची बोलणी तेव्हा चालू होती. त्यासाठी बाबांनी पुन्हा दीक्षा घ्यावी, असा त्यांचा आग्रह. बाबांनी निर्णय मंडळीवर सोपवला होता.

माझी शाळा साहेबांच्याच मंडळीची; तिथल्या देवळात इतर मुली भाकर घ्यायला पुढे जात, मी बाकावर बसून राही. तुझे पाळक आमच्यातले नाहीत, एवढंच कारण. तेव्हा मी कधी काही बोलले नव्हते.

चहानंतर उपासनेत बाबांचं प्रवचन संपलं. मेजावर प्रभुभोजन मांडलेलं, वरचं पांढरं फडकं अजून काढायचं होतं. साहेब बोलू लागले आणि मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगू लागले.

वेल्ह्याकडून आलेली एक म्हातारी नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत का? आपलं लगीन ह्याच पाळकांनी लावलं. म्हंजी ते बी खोटं. लई वर्सं फुकट रांधलं म्या."

"आता तरी नीट रांध," तो म्हणाला. सगळे हसले.

साहेब हसले नाहीत. "सांग त्यांना, ही चेष्टा नाही. पुन्हा दीक्षा होईपर्यंत यांच्या हातून कुणी प्रभुभोजन घेऊ नये."

मी थांबले. बाबा खाली बघत होते. हळूच म्हणाले, "सांग बाळ. ते म्हणाले तसंच सांग."

मी सांगितलं, एकही शब्द न गाळता. साहेब पुढचं बोलणार तोच मी बोलले, आधी मराठीत, मग त्यांच्यासाठी इंग्रजीत:

"हे साहेबांचं म्हणणं झालं. आता माझं. बाबांची दीक्षा खरी आहे, आणि आज भाकर मी त्यांच्याच हातून घेणार."