तारेवरची फुलचुखी

त्या वर्षी ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला तेव्हा माझं देवाशी भांडण चालू होतं. प्रार्थना बंद केली होती असं नाही. रोज सकाळी गुडघ्यावर यायची, डोळे मिटायची आणि मग सासू सुनेला ऐकवते तसं प्रभूला ऐकवत बसायची. आमच्या ह्यांना हिवाळ्यात लकवा मारून गेला होता. पाय बऱ्यापैकी सावरला, बोलणं जड झालं तरी समजायचं, पण उजवा हात जणू दुसऱ्याचाच. चिमटा काढला तरी त्यांना कळायचं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की या पहिल्या महिन्यांत हाताला काम दिलं तरच तो परत येईल, नाहीतर असाच आखडून राहील. आणि ह्यांना तर काहीच करायचं नव्हतं. सौंसरच्या शाळेत जन्मभर पोरांकडून कवायत करून घेतलेला माणूस, पण व्यायामाचा रबरी चेंडू पुढे केला की तोंड फिरवायचा. मी समजावलं, रागावले, रुसले, एकदा तर ताटसुद्धा आपटलं. त्यांचं एकच उत्तर, "राहू दे वं." सकाळी ओसरीतल्या खुर्चीत बसवलं की जेवणाच्या वेळेपर्यंत ते समोर बघत बसलेले असायचे. मला धडकी भरायची, की हा माणूस आता या खुर्चीतून उठणारच नाही.

ओसरीत कपडे वाळत घालायची तार आहे. एका सकाळी त्या तारेवरून काहीतरी कचरा लोंबकळताना मला दिसला. वाळकं पान, कोळ्याचं जाळं, कापसाचा पुंजका. मी झाडू उगारला, तर ह्यांनी डाव्या हाताने माझा पदर ओढला. "हात नको लावू. फुलचुखी घर बांधून राहिली." इतकं लांब वाक्य मी कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. झाडू ठेवून दिला. खरंच, अंगठ्याएवढी मळकट पिवळी पाखरीण चोचीत काहीतरी घेऊन यायची, चिकटवायची आणि भुर्रकन जायची. तिचा नवरा निळा-जांभळा, चमचमता, पण काडीचं काम करत नव्हता. अंगणातल्या जास्वंदीवर बसून नुसता मिरवायचा. "पाहा, तुमच्याच जातीचा दिसतो," मी म्हटलं. हे हसले. वाकड्या तोंडाने हसले, पण हसले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

तार पाखरांकडे गेली, तेव्हा कपडे गच्चीवर न्यावे लागले. शेजारच्या दुर्गाबाईंना मोठी गंमत वाटली. त्यांची लोधीखेड्याच्या रस्त्याला संत्र्याची बाग आहे, पाखरं हाकलण्यात त्यांचा जन्म गेलेला. "काहून वं बाई, पाखराले ओसरी देली अन् तू चादरी घेऊन जिने चढून राहिली?" असं त्या रोज कुंपणावरून विचारायच्या.

आकाशातल्या पाखरांकडे पाहा, असं प्रभूने सांगितलेलं मी रविवारच्या शाळेपासून ऐकत आले होते. ऐकलं होतं, पाहिलं कधीच नव्हतं. आता पाहायला लागले, कारण हे पाहत होते. घरट्याच्या तोंडावर तिने चिमुकली पडवी काढली. अंड्यांवर बसली की तेवढी बाकदार चोच बाहेर दिसायची. रस्त्याने ट्रक गेला की तार हलायची, घरटं झोके खायचं, पण ती जागची उठायची नाही. हे तिच्याकडे बघत बसायचे आणि मी भाजी निवडताना ह्यांच्याकडे. पहाटेच्या माझ्या तक्रारी हळूहळू संपत आल्या. एक दिवस तर बोलायला काही उरलंच नाही. मी म्हटलं, "प्रभू, याला कसं उठवायचं ते मला कळत नाही. हा तुझा आहे, तू बघ." म्हटलं खरं, पण उठता उठता अर्धं मनातल्या मनात परत घेतलं. माझा स्वभावच तसा आहे, कोणावर काही सोपवलं की मागून जाऊन बघायचं.

घरट्यात पिल्लांची चिवचिव सुरू झाली. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी एकाएकी आभाळ काळं झालं. मी गच्चीवर कपडे आणि वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला धावले, तोवर वारा सुटला आणि गारा सुरू झाल्या. जिन्याच्या पत्र्याखाली अडकून पडले. पत्र्यावर एवढा आवाज, की मी हाका मारत होते त्या मलाच ऐकू येत नव्हत्या. शेवटी डोक्यावर चादर घेऊन तशीच खाली आले. बघते तर खुर्ची रिकामी.

हे ओसरीच्या खांबाला पाठ टेकून उभे होते. डाव्या हातात बटणाची काळी छत्री, ती वाऱ्याच्या बाजूला आडवी धरलेली. आणि उजवा हात वर. कसा वर नेला असेल, देव जाणे. त्याची वाकडी बोटं तारेला अडकवून त्यांनी ती हलू नये म्हणून धरून ठेवली होती. घरट्याच्या तोंडाशी चोच दिसत होती.

"अहो, पडसान नं!" मी ओरडले.

"ओरडून काय राहिली? इकडे ये, छत्री धर. हात दुखून राहिला माहा."

मी छत्री घेतली आणि त्यांचा डावा हात चोळायला लागले. त्यांनी मान हलवली. "हा नाही वं. तो."

मी गारांच्या आवाजात मोठ्याने रडले. एका हाताने छत्री, दुसऱ्या हाताने त्यांना धरून उभी राहिले. वादळ ओसरल्यावर तारेवरची बोटं एकेक करून सोडवली. प्रत्येक बोटाला ते "आई गं" म्हणायचे आणि मला वेडीला हसू यायचं.

संध्याकाळी दुर्गाबाई आल्या. पाय चिखलाने भरलेले, तोंड उतरलेलं. बागेतला आंबिया बहार झोडपून निघाला होता, बारीक फळांचा झाडाखाली सडा पडला होता. मला आमच्या घरातलं सांगायची लाज वाटली. पण ह्यांनीच सांगितलं, आणि भरल्या डोळ्यांनी ती माउली म्हणाली, "दुखू द्या भाऊजी, चांगलं दुखू द्या." ज्या गारांनी तिची फळं पाडली, त्याच गारांना मी कृपा म्हणू का? मला जमत नाही. हे कोडं मी प्रभूकडेच ठेवलं आहे. मला एवढंच ठाऊक आहे, की डॉक्टरांच्या सांगण्याने आणि माझ्या आदळआपटीने जो माणूस उठला नाही, तो एका पाखरासाठी उठला. मी सगळीकडून ढकलून पाहिलं होतं. त्यांची कोणाला गरज आहे, हे मात्र मी त्यांना कधी कळूच दिलं नव्हतं. ती गरज देवाने माझ्या हाती न देता माझ्या कपड्यांच्या तारेवर बांधली. सोपवणं म्हणजे काय, ते मी तेव्हा शिकले, आणि अजूनही अधूनमधून विसरते.

ईस्टरला आम्ही पांढुर्ण्याच्या मंडळीत, चर्चला गेलो. पाळकसाहेबांनी, देवाने काय केलं याची साक्ष द्यायला कोणी उभं राहतं का विचारलं, आणि मी उभी राहिले. घरून बरंच ठरवून आणलं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, "माझ्या नवऱ्याचा हात दुखतो. त्याबद्दल प्रभूची स्तुती असो."

पाळकसाहेबांनी चष्मा सावरला. "बाई, दुखणं थांबावं म्हणून प्रार्थना करायची आहे का?"

पुरुषांच्या बाकावरून ह्यांचा जड आवाज आला. "थांबवू नका जी. लय दिवसांनी घरी आला माहा हात."

काहींना कळलं, काहींना नाही, पण आमेन सगळ्यांनी म्हटलं.